माघारीचं बटण: 'कंपनी ऑफ हीरोज २' आणि त्याचे परीक्षक

'कंपनी ऑफ हीरोज' या संगणकावरच्या युद्धखेळात कीबोर्डची टी ही कळ दाबली, की निवडलेली तुकडी हातातलं सगळं सोडून तळाकडे पळत सुटते. एकदा निघाली की तिला मध्येच वळवता येत नाही. पळताना तिला गोळ्या कमी लागतात, तळावर पोचली की गेलेल्या माणसांच्या जागी नवी मिळतात आणि लढून कमावलेला अनुभव शाबूत राहतो. २००६ साली हा खेळ आला तेव्हा ही कळ नवलाची होती. 'एज ऑफ एम्पायर्स' खेळून मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पिढीची सवय वेगळी: शिपाई म्हणजे ६० अन्न आणि २० सोनं, मेला तर बराकीतून दुसरा काढायचा. व्हँकूव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंट या कंपनीने त्या सवयीलाच हात घातला. इथे सहा जणांची तुकडी दोनावर आली की खेळणाऱ्याचा जीव वरखाली होतो, आणि वेळेवर माघार घेणारा शेवटी भारी पडतो. समीक्षकांनी खेळ डोक्यावर घेतला. ठिकठिकाणच्या परीक्षणांतले गुण गोळा करून सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरपैकी ९३ मिळाले. दुसऱ्या महायुद्धावर आधारलेल्या रिअल टाइम स्ट्रॅटेजी खेळाला इतके गुण क्वचितच मिळतात.

दुसरा भाग २५ जून २०१३ रोजी आला. पहिल्यात नॉर्मंडीत उतरलेले अमेरिकन होते, दुसऱ्यात हिटलरच्या फौजांशी भिडलेलं लाल सैन्य होतं. समीक्षकांची सरासरी ८० वर थांबली. त्याच पानावर सामान्य खेळाडूंनी दिलेले गुण मात्र घसरत घसरत दहापैकी दोनच्या आसपास आले. इतकी तफावत त्या काळात अपवादानेच दिसायची. एकाच वस्तूला एका बाजूने 'चांगली' आणि दुसऱ्या बाजूने 'अक्षम्य' म्हटलं जात असेल, तर दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत होते का, हे आधी पाहायला हवं. मला वाटतं, नव्हते. समीक्षकांनी नियम तपासले आणि कथेला चार ओळींत निकालात काढलं. रशियातल्या खेळाडूंनी कथा धरली आणि नियमांकडे फारसं पाहिलं नाही. खेळाचं खरं म्हणणं मात्र कथा आणि नियम जिथे एकमेकांत अडकतात तिथे होतं, म्हणजे त्या टी कळीपाशी.

आधी हा खेळ कोणत्या परिस्थितीत बाहेर पडला ते सांगतो, कारण बऱ्याच परीक्षणांत ती परिस्थिती ओळींच्या मागे उभी असते. रेलिकचा मालक असलेला अमेरिकी प्रकाशक टीएचक्यू डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. जानेवारीत त्याच्या मालमत्तेचा तुकड्या-तुकड्यांनी लिलाव झाला आणि जपानच्या सेगाने २ कोटी ६६ लाख डॉलर मोजून रेलिक घेतली. 'कंपनी ऑफ हीरोज २' तेव्हा जवळपास तयार होता; वर्षाच्या सुरुवातीला येणारा खेळ उन्हाळ्यावर गेला. शिवाय हा सगळा खेळप्रकारच तेव्हा उतरणीला लागला होता. तळ बांधून सैन्य उभारण्याच्या खेळांतला प्रेक्षक 'लीग ऑफ लेजेंड्स' आणि 'डोटा २' यांच्याकडे वळत होता. 'कमांड अँड कॉन्कर' या जुन्या घराण्याचा नवा खेळ २०१३ च्याच ऑक्टोबरमध्ये निर्मिती अर्धवट सोडून बंद केला गेला. अशा वेळी आलेल्या एका नीट बांधलेल्या खेळाबद्दल समीक्षकांच्या मनात थोडी माया होती, आणि ती परीक्षणांतून झिरपते.

ही माया अस्थानी नव्हती. दुसऱ्या भागातल्या दोन गोष्टींचं कौतुक जवळपास सगळ्यांनी केलं आणि त्या खरोखरच कौतुकाच्या आहेत. पहिली दृष्टीची. जुन्या स्ट्रॅटेजी खेळांत प्रत्येक सैनिकाभोवती नजरेचं एक गोल वर्तुळ असायचं आणि भिंतीपलीकडचं शत्रूचं पथकही त्यात दिसायचं. रेलिकने 'ट्रूसाइट' नावाची पद्धत आणली. सैनिकाला जेवढं डोळ्यांनी दिसेल तेवढंच खेळाडूला दिसतं. घर, कुंपण, जळणारा रणगाडा, धुराचा पडदा, काहीही नजर अडवू शकतं. त्यामुळे मशीनगन कुठे मांडायची हा प्रश्नच बदलला. पूर्वी ती चौकाच्या मधोमध ठेवली की काम व्हायचं, आता समोर झाडोरा असेल तर शत्रूचं पथक दहा पावलांवर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट बर्फाची. खेळाच्या हिवाळी नकाशांवर मधूनमधून हिमवादळ येतं. पडदा पांढुरका होतो, नजर आखूड होते आणि उघड्यावर थांबलेली पायदळाची तुकडी गारठायला लागते. तिला शेकोटीजवळ, घरात किंवा गाडीत आणलं नाही तर माणसं एकेक करून बर्फात आडवी होतात. खोल बर्फात पाय रुततात आणि मागे पाऊलखुणा राहतात. पण सगळ्यात जास्त लिहिलं गेलं ते गोठलेल्या नदीबद्दल. जर्मन रणगाडा पुलाचा फेरा टाळायला बर्फावर उतरतो. त्याच्या वजनाने नाही फुटला तर शेजारी पडलेल्या उखळी तोफेच्या गोळ्याने बर्फाला तडे जातात, तडे एकमेकांना भेटतात, आणि चांगल्या स्थितीतला, एक गोळीही न लागलेला रणगाडा आतल्या माणसांसकट काळ्या पाण्यात जातो. एवढा महाग रणगाडा असा जाताना पाहिला की शत्रूच्या बाजूने खेळणाराही क्षणभर माऊस सोडतो. पूर्वेकडच्या आघाडीवर हवामान हाच एक सेनापती होता हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत घासून गुळगुळीत झालं आहे. इथे ते नियमात उतरलं. समीक्षकांनी हे ओळखलं आणि त्याला भरभरून गुण दिले.

पुढे मात्र एक गंमत झाली. परीक्षणासाठी आठवडाभर खेळणाऱ्याला जे हिमवादळ थरारक वाटलं, ते रोज खेळणाऱ्याला जाच वाटू लागलं. स्पर्धात्मक सामन्यांत दर काही मिनिटांनी लढाई थांबवून शेकोटी शोधणं लोकांना नकोसं झालं आणि वादळ नसलेले नकाशेच पसंत पडू लागले. खेळाचं परीक्षण पहिल्या आठवड्यात लिहायचं म्हटलं की ही उणीव राहतेच. त्यात समीक्षकांचा दोष नाही, पण गुणांकडे पाहताना ते कोणत्या आठवड्यातले आहेत हे लक्षात ठेवलेलं बरं.

९३ वरून ८० पर्यंतची घसरण कशामुळे? पहिलं कारण साधं: सात वर्षांनी आलेला खेळ पहिल्यासारखाच होता. तोच पाया, तेच मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन, तीच प्रदेश जिंकण्याची चढाओढ. कुंपणावरून उडी मारता येते, टाकून दिलेला रणगाडा ताब्यात घेता येतो, अशा सुधारणा होत्या, पण त्या सुधारणाच होत्या. पहिल्या भागाने नवं काही आणलं म्हणून त्याला मान मिळाला. दुसऱ्या भागाने ते जपलं म्हणून त्याला ठीकठाक गुण मिळाले. दुसरं कारण एकट्याने खेळायच्या मोहिमेचं. तिच्या चित्रफिती ओबडधोबड होत्या, पात्रं इंग्रजीत पण जाडजूड रशियन हेल काढून बोलत होती, आणि कथेचा सूर सतत एकाच पट्टीत होता. बऱ्याच परीक्षणांत मोहिमेला फार तर दोन परिच्छेद मिळतात: कथा कमकुवत आहे, पण खरी मजा इतरांविरुद्ध खेळण्यात आहे, असा निर्वाळा आणि पुढचा मुद्दा.

तिसरी तक्रार पैशांची होती आणि ती समीक्षकांपेक्षा खेळाडूंनी जास्त लावून धरली. या खेळात सामन्याआधी तीन 'कमांडर' निवडायचे असतात. प्रत्येकाकडे वेगळी आयुधं. काही कमांडर खेळासोबत मिळत, काही वेगळे पैसे मोजून घ्यावे लागत. त्यातला 'सोव्हिएत इंडस्ट्री' हा विकतचा कमांडर इतका वरचढ निघाला की खेळाडूंनी त्याचं नाव 'विंडस्ट्री' पाडलं, म्हणजे जिंकण्याचा कारखाना. नंतर त्याचे दात काढले गेले, पण पैसे टाकून जिंकता येतं हा डाग बराच काळ धुऊन निघाला नाही. याहून जास्त त्या प्रकरणात काही नाही.

आता रशियातल्या रागाच्या मुळाशी असलेल्या, मोहिमेतल्या आदेश क्रमांक २२७ कडे येऊ.

२८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने हा आदेश काढला. जर्मन फौजा डॉन नदीच्या खोऱ्यातून व्होल्गाकडे सरकत होत्या, लाल सैन्य मागे हटत होतं, आणि आदेशाने परवानगीशिवाय घेतलेली माघार हा गुन्हा ठरवला. भित्रेपणाचा ठपका असलेल्यांसाठी दंड-पथकं आणि आघाडीच्या मागे उभी राहून पळणाऱ्यांना रोखणारी अडवणूक-पथकं उभी करण्याचा हुकूम त्यात होता. आदेश सैनिकांना वाचून दाखवला गेला, पण सोव्हिएत संघात तो छापून यायला १९८८ साल उजाडलं.

खेळाची मोहीम या आदेशाभोवती बांधली आहे. निवेदक लेफ्टनंट लेव्ह इसाकोविच १९५२ साली सायबेरियातल्या कैदेत बसून, चौकशीला आलेल्या जुन्या वरिष्ठाला युद्धाच्या आठवणी सांगतो. स्टालिनग्राडमध्ये बंदुका हातात दिलेली पोरं एका बटणावर, अगदी स्वस्तात, हजर होतात. पुढे ढकलायची, संपली की आणखी बोलवायची. आणि आदेश लागू असलेल्या वेळात टी दाबली तर तळाकडे पळणाऱ्या तुकडीला आपलाच अधिकारी गोळी घालतो. पुढे सोव्हिएत सैनिक स्वतःच्याच मुलखातली गावं पेटवतात, आणि ज्या पोलिश बंडखोरांसोबत इसाकोविच लढतो त्यांनाच नंतर लाल सैन्य संपवतं. चौदा टप्प्यांच्या मोहिमेत दर थोड्या वेळाने हाच धडा येतो की या सैन्याचा पहिला शत्रू त्याच्याच पाठीमागे उभा होता.

रशियात आणि आसपासच्या देशांत यावर जो भडका उडाला तो समीक्षकांना अनपेक्षित होता. बॅडकॉमेडियन या नावाने चित्रपटांची खिल्ली उडवणाऱ्या तिथल्या लोकप्रिय समीक्षकाने खेळावर लांबलचक चित्रफीत केली. विक्री थांबवा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पडला. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथला वितरक वन-सी सॉफ्टक्लब याने ग्राहकांच्या तक्रारींचं कारण देऊन रशिया आणि शेजारच्या देशांतली विक्री थांबवल्याचं जाहीर केलं. हे सरकारी बंदीमुळे झालं नव्हतं, हे मुद्दाम नमूद करायला हवं. युद्धातल्या सोव्हिएत कृत्यांबद्दल खोटी माहिती पसरवणं गुन्हा ठरवणारा कायदा रशियात मे २०१४ मध्ये आला, म्हणजे त्यानंतर. २०१३ चा राग ग्राहकांचा होता आणि एका व्यापाऱ्याने त्याचा हिशेब केला.

पाश्चात्त्य गेम-पत्रकारांपैकी अनेकांनी हा प्रकार राष्ट्रवादी आरडाओरडा म्हणून बाजूला सारला. तो तसा होताही, काही अंशी. युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. ९ मेचा विजयदिन हा तिथला सर्वांत मोठा राष्ट्रीय दिवस आहे. घराघरात भिंतीवर एक फोटो आहे. अशा ठिकाणी परदेशी खेळ येऊन 'तुमचे आजोबा पिस्तुलाच्या धाकाने लढले' म्हणाला तर शिव्या पडणारच. पण शिव्यांच्या आत एक तक्रार होती आणि ती इतिहासाच्या कसोटीवर बरीचशी टिकते.

अडवणूक-पथकांच्या कामाचा सोव्हिएत अंतर्गत खात्याने ठेवलेला हिशेब आज उपलब्ध आहे. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या अडीच महिन्यांत त्यांनी १,४०,७५५ जणांना अडवलं. त्यांपैकी ३,९८० जणांना अटक झाली, १,१८९ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, सुमारे ३,००० जण दंड-पथकांत गेले आणि १,३१,०९४ जणांना आपापल्या तुकडीत किंवा मागच्या छावणीत परत धाडलं गेलं. हजाराच्या वर माणसं आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मेली, ही भयंकर गोष्ट आहे, आणि ती नाकारणाऱ्या रशियन प्रतिक्रियाही पुष्कळ होत्या. पण अडवलेल्या शंभरांतले त्र्याण्णव परत पाठवले गेले, हेही त्याच कागदावर आहे. संपूर्ण युद्धात दंड-पथकांतून सुमारे ४ लाख २७ हजार माणसं गेली, तर गणवेश चढवलेल्यांची एकूण संख्या सव्वातीन कोटींच्याही वर होती. धाक होता, क्रूर होता. पण एवढं मोठं सैन्य चार वर्षं लढलं ते केवळ धाकाने, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. कॅथरीन मेरिडेल यांनी 'इव्हान्स वॉर' या २००५ च्या पुस्तकात जुन्या सैनिकांशी बोलून जे चित्र उभं केलं त्यात भीती, राग, घराची ओढ, शेजारच्या सोबत्यासाठीची धडपड हे सगळं एकत्र आहे आणि त्यातलं एक वेगळं काढता येत नाही.

गावं पेटवण्याचंही असंच. १७ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने जर्मनांच्या मागच्या पट्ट्यातली वस्ती जाळायला सांगितलं होतं, हे खरं. तो आदेश पाळायला गेलेली १८ वर्षांची झोया कोस्मोदेम्यान्स्काया जर्मनांच्या हाती लागली आणि फाशी गेली, हेही खरं, आणि ती आजही रशियाची वीरकन्या आहे. तिने पेटवायला घेतलेली घरं तिच्याच देशातल्या शेतकऱ्यांची होती. असं गुंतागुंतीचं प्रकरण हाताशी असताना खेळाने एक क्रूर अधिकारी आणि एक पेटलेलं खेडं दाखवून विषय संपवला.

मग ही प्रतिमा आली कुठून? समीक्षकांनी विचारायला हवा होता तो प्रश्न हा होता. २००१ च्या 'एनिमी अॅट द गेट्स' या जाँ-जॅक अनो यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीला व्होल्गा ओलांडून आलेल्या दोघा-दोघांत एक बंदूक वाटली जाते आणि हल्ला फसल्यावर मागे फिरणाऱ्यांवर आपलीच मशीनगन चालते. २००३ च्या 'कॉल ऑफ ड्युटी' या खेळाने तोच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा उचलला. त्यात खेळाडूच्या हाती बंदूकही येत नाही, नुसत्या गोळ्या येतात. दहा वर्षांनी आलेल्या 'कंपनी ऑफ हीरोज २'चं स्टालिनग्राड या वाटेने आलं आहे. त्या शहरात खरोखर राहिलेल्या माणसाचं लिखाण उपलब्ध होतं. 'क्रास्नाया झ्वेज्दा' या सैन्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर व्हासिली ग्रॉसमन लढाईच्या काळात तिथे होता. सत्तेच्या क्रौर्याबद्दल त्याच्याइतकं स्पष्ट कोणी लिहिलं नाही, इतकं की १९६१ मध्ये केजीबीने त्याच्या 'लाइफ अँड फेट' कादंबरीची हस्तलिखितं जप्त केली. तरीही त्याच्या स्टालिनग्राडमधले सैनिक मेंढरं नाहीत. ते भांडतात, थट्टा करतात, आपल्या कमिसारला, म्हणजे राजकीय अधिकाऱ्याला, उलट उत्तर देतात, आणि एका पडक्या घरात राहून लढतात कारण ते घर आता त्यांचं आहे. रशियन टीकाकारांचं बरंचसं म्हणणं ग्रॉसमनच्या साक्षीने जास्त चांगलं मांडता आलं असतं. त्यांनी ते मांडलं नाही. शून्य देणं सोपं होतं.

शिवाय रशियन खेळाडू काही या प्रकाराला नवखे नव्हते. मॉस्कोच्या फायरग्लोने २००० साली 'सडन स्ट्राइक' काढला, निव्हलने २००३ मध्ये 'ब्लिट्झक्रीग', आणि युक्रेनमधल्या बेस्ट वेने पुढे 'मेन ऑफ वॉर'. लाल सैन्यावरच्या स्ट्रॅटेजी खेळांची तिथे स्वतःची परंपरा होती आणि त्या बाजारात बाहेरच्या खेळाने येऊन तोच विषय घेतला होता. रागामागे हा जाणकारपणाही होता, तो पाश्चात्त्य परीक्षणांना दिसला नाही.

इथे माझा मूळ मुद्दा येतो. आदेश २२७ ही चित्रफितीतली गोष्ट असती तर तिचा राग कथेवर काढून मोकळं होता आलं असतं. पण रेलिकने तो नियम केला. पहिल्या भागाने सात वर्षं शिकवलं होतं की माघार म्हणजे शहाणपण, तुकडी वाचवणं म्हणजे सेनापतीपण. दुसऱ्या भागाने सुरुवातीलाच ते शहाणपण गुन्हा ठरवलं. नीट हाताळलं असतं तर हा विलक्षण डाव होता, कारण खेळाडूच्या बोटांना लागलेली सवयच शिक्षेला पात्र झाली असती आणि १९४२ चा उन्हाळा कोणत्याही चित्रफितीपेक्षा जास्त कळला असता. तसं झालं नाही. आदेश काही वेळापुरता लागू होतो, घड्याळ संपलं की उतरतो, आणि खेळाडू लवकरच शिकतो की थोडं थांबून टी दाबली की झालं. जी गोष्ट जिवावर बेतायला हवी ती वाट पाहण्याची कटकट होते. पुढच्या टप्प्यांत ती विरूनही जाते.

आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे इतरांविरुद्धच्या सामन्यांत हा आदेश अस्तित्वातच नाही. तिथला सोव्हिएत भरतीचा शिपाई हा खेळातला सर्वांत उपयोगी माणूस. सहा जणांची तुकडी, दुसऱ्या पथकात माणसं भरता येतात, 'ऊरा' म्हणत धावता येतं, पेटती बाटली फेकता येते. त्याला मोहिमेत मरायला पाठवणारा खेळाडू सामन्यात जिवापाड जपतो, कारण अनुभवी तुकडी गेली तर सामना गेला. एकाच खेळात लाल सैन्याबद्दलची दोन मतं आहेत. मोहिमेतलं मत रशियन खेळाडूंनी उचललं आणि समीक्षकांनी सामन्यातलं. ज्याने जे खेळलं त्याने त्याचे गुण दिले. हे दोन्ही शेजारी ठेवून, 'तुमच्या नियमांनाच तुमची कथा पटत नाही' असं एकाही मोठ्या परीक्षणाने ठणकावून म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

त्या दहापैकी दोनचं काय करायचं? तो आकडा मी खेळाच्या दर्जाचा पुरावा मानत नाही, पण कचऱ्यातही टाकत नाही. मेटाक्रिटिकवर गुण देण्यासाठी खेळ विकत घेतल्याचं दाखवावं लागत नव्हतं. खेळ विकणाऱ्या स्टीम या संकेतस्थळावर ग्राहकांचे अभिप्राय नोव्हेंबर २०१३ पर्यंत सुरूच झाले नव्हते. म्हणजे त्या उन्हाळ्यात चिडलेल्या माणसाला ओरडायला दिसणारी जागा तेवढीच होती. पुढे अशा सामूहिक शून्यांना 'रिव्ह्यू बॉम्बिंग' हे नाव मिळालं, २०१७ मध्ये स्टीमने अभिप्रायांचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये मेटाक्रिटिकने नव्या खेळांना पहिले ३६ तास ग्राहकांचे गुण बंद केले. या उपायांनी गोंगाट कमी होतो. शून्य देणारा कशासाठी ओरडत होता हे मात्र त्या आलेखात उमटत नाही.

खेळाचं नंतरचं आयुष्य त्याच्या पहिल्या महिन्यापेक्षा बरं गेलं. जून २०१४ मध्ये 'द वेस्टर्न फ्रंट आर्मीज'ने अमेरिकन आणि आणखी एक जर्मन फौज आणली, सप्टेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश आले. मधे, नोव्हेंबर २०१४ मध्ये, आलेला 'आर्डेन्स असॉल्ट' हा या सगळ्यातला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग. १९४४ च्या हिवाळ्यातली बेल्जियमची लढाई, हाती मोजक्या कंपन्या, आणि एका लढाईत झालेलं नुकसान पुढच्या लढाईत सोबत येतं. कंपनी खलास झाली तर मोहीम तिच्याशिवाय पुढे जाते. इथे टी दाबताना हात खरोखर थबकतो, कारण वाचवलेली माणसं उद्या लागणार असतात. समीक्षकांनी त्याचं मूळ मोहिमेपेक्षा मोकळ्या मनाने स्वागत केलं, आणि ते योग्य होतं. आपल्याच माणसांवर गोळी न चालवता, गळा न काढता, त्याने सैनिकाच्या जिवाची किंमत मांडली. हीच पद्धत स्टालिनग्राडला लावली असती तर काय झालं असतं हा विचार मनातून जात नाही.

तिसरा भाग २३ फेब्रुवारी २०२३ रोजी आला, इटली आणि उत्तर आफ्रिकेवर. समीक्षकांची सरासरी ८१, म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीतच. ग्राहकांची नाराजी यावेळी इतिहासावर नव्हती. अर्धवट वाटणारं काम आणि खेळातच उघडलेलं दुकान यांवर होती. पण एका बाबतीत परीक्षणं सुधारलेली दिसतात. आफ्रिकेच्या मोहिमेत खेळाडू जर्मन सेनापती रोमेलच्या फौजा चालवतो आणि चित्रफितींत बेनगाझीच्या एका ज्यू कुटुंबाचे हाल दिसतात. जिंकायचं कोणासाठी, दुःख कोणाचं, यांचा एकमेकांशी काही सांधा नाही, हे यावेळी अनेक समीक्षकांनी नेमकं टिपलं. दुसऱ्या भागात जे नजरेतून सुटलं होतं ते इथे पकडलं गेलं.

इटलीच्या निमित्ताने मराठी वाचकाला थोडं थांबायला हरकत नाही. तिसऱ्या भागातल्या ब्रिटिश फौजेत गोरखा आणि भारतीय तोफखाना आहे. त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या पथकात एकटे उरलेले असताना मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत एकामागून एक ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उद्या एखाद्या खेळाने या पलटणी गोऱ्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाच्या धाकाने टायबर ओलांडताना दाखवल्या, तर माणगावपासून अहिल्यानगरपर्यंत काय होईल याचा अंदाज बांधायला रशियात जावं लागत नाही. आणि त्या वेळी आपल्याकडून शून्यापेक्षा बरं, ग्रॉसमनसारखं काही लिहिलं जाईल का, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

रेलिकचं पुढे काय झालं तेही सांगतो. तिसऱ्या भागानंतर मे २०२३ मध्ये १२१ जणांना कमी केलं गेलं आणि मार्च २०२४ मध्ये सेगाने कंपनी सोडून दिली. ती आता स्वतंत्र आहे. तिसरा भाग आल्यावरही बरेच जुने खेळाडू दुसऱ्याच्याच नकाशांवर राहिले. त्यांच्या सामन्यांत मोहीम कोणी उघडत नाही, इसाकोविच कोणाला आठवत नाही, आणि भरतीचे शिपाई दिवसभर तळाकडे सुखरूप पळत असतात.